जिनिंगच्या फाटकाची जागा

आमच्या मंडळीत एक वाक्य फार सहज बोललं जातं. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो.’ कोणाच्या घरी दुखणं आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाचा मुलगा घरात बोलेनासा झाला, असं काही कानावर आलं की आम्ही ख्रिस्ती माणसं हे म्हणतो, समोरच्याचा हात क्षणभर हातात धरतो आणि घरी जातो. ज्याला ते सांगितलं तो मात्र विसरत नाही. आपलं ओझं आता आणखी कोणीतरी धरलं आहे, या भरवशावर तो दवाखान्याच्या बाकावर बसतो.

असा शब्द मी एका माणसाला दिला होता, वार आणि वेळ ठरवून. ती वेळ आली तेव्हा मी दुसरीकडेच होतो. एवढ्यावर निभावलं असतं तर विसरभोळेपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण नंतर मी मंडळीसमोर उभा राहून त्याबद्दल खोटं बोललो आणि त्या खोट्यावर कित्येक वर्षं चांगला माणूस म्हणून जगलो. शांतवन खंडारे यांच्याबद्दल लिहायचं तर ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे. नाहीतर पुढचं सगळं मी वाचणाऱ्यापासूनही लपवून लिहितो आहे असं होईल.

वर्ध्याच्या एका शाळेत आम्ही दोघे मास्तर. मी गणिताचा, ते भूगोलाचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लागलो तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षं मुरलेले होते. शाळेत मी त्यांना सर म्हणत असे आणि रविवारी काका. मूळचे अल्लीपूरचे, राहायला नालवाडीत. उंच, वाळलेले, शर्टाचं एक बटण नेहमी शेजारच्या काजात अडकलेलं. भाषा घरची, वऱ्हाडी. वर्गातही आणि देवापुढेही.

आणि चित्त कधीही थाऱ्यावर नाही.

हे मी कौतुकानं सांगत नाही. विसरभोळे मास्तर गोष्टींत गमतीचे वाटतात. त्यांच्याबरोबर राहणाऱ्याला ते तसे वाटत नाहीत. नाईल नदी शिकवता शिकवता काका अल्लीपूरच्या नाल्यावर मासे धरायला पोचत आणि तास संपल्याची घंटा झाली की दचकत. एकदा तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ते हिंगणघाटच्या गाडीत विसरून आले आणि साऱ्या वर्गाला पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. मुख्याध्यापकांनी त्यांना सगळ्यांसमोर झाडलं. काका मान खाली घालून ऐकत होते, आणि मधेच त्यांची नजर खिडकीबाहेरच्या खारीकडे गेली. ते पाहून मुख्याध्यापक आणखी भडकले.

शिक्षकांच्या खोलीत देशमुख सर त्यांना रोज एकच टोमणा मारत. “खंडारे सर, आज सोताले आणलं का घरून?”

“आणलं तं होतं,” काका टेबलाखाली वाकून पाहत. “इथंच कुठंतरी ठेवलं.”

चर्चमधून निघताना एकदा ते एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात पाळकसाहेबांची चप्पल घालून गेले. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं, की ज्या कोणा बंधूंनी माझी उजवी चप्पल नेली असेल त्यांनी ती परत करावी. काका पहिल्या रांगेत तीच घालून बसले होते आणि चप्पल कोणी नेली असेल म्हणून मागे वळून पाहत होते.

सरोजकाकू, त्यांच्या पत्नी, बुटक्या आणि तोंडाच्या फटकळ. हिंगणघाटच्या बसस्टँडवर त्या पेरू घ्यायला उतरल्या आणि काका गाडीबरोबर निघून गेले, हा किस्सा त्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. “अल्लीपूरले उतरले तवा यायच्या हातात शेजारच्या बाईची थैली होती. बायको नव्हती. सासूनं विचारलं, सरोज कुठी हाय? तं हे मांगं वळून पाह्यते.” मग थोडं थांबून पुढचं. “लग्नातही तसंच. पाळकानं विचारलं, हीले पत्करतो का? हे खिडकीतून बाहेर पाहून राह्यलते. दोनदा विचारा लागलं.”

“दुसऱ्यांदा लगेच हो म्हटलं ना पण,” काका म्हणत.

“म्हटलं. म्हणून तं अडकली.”

काकूंनी एक शेळी पाळली होती, चंदी नावाची. तिला बांधायचं काम काकांकडे. त्यांनी मारलेली गाठ कधी बसत नसे. रोज संध्याकाळी चंदी सुटून रस्त्यापलीकडच्या शेतात कपाशीच्या पराट्या खायला जाई आणि रोज काका तिला आणायला जात. एकदा मी त्यांच्या घरी बसलो असताना ते तिला कानाला धरून नाही, काठी उगारून नाही, नुसतं दाव्याला धरून गप्पा मारत आणताना दिसले. मी म्हटलं, “काका, रोजचाच ताप आहे हा.”

“तं मंग काय करू? जाते ते. जाणं तिचं काम, आणणं माह्यं. अन् मारून आणलं तं उद्या आणखी दूर जाईन.”

तेव्हा मला वाटलं, शेळीबद्दलच बोलत आहेत.

पुढे एकदा नागपूरहून एक उपदेशक आमच्या पुरुषांच्या सभेला आले होते. विषय होता, प्रार्थनेत मन का भटकतं. त्यांनी फार ठासून सांगितलं, की मन भटकवणं हे सैतानाचं काम आहे. ज्याचं मन देवापुढे स्थिर राहत नाही त्यानं आपला विश्वास तपासून पाहावा. सगळे गंभीर होऊन बसले. मीही मान हलवली. मला ते लागू नव्हतं. मी डोळे मिटून, हात जोडून, शुद्ध मराठीत लांब प्रार्थना करत असे आणि लोक माझ्या प्रार्थनेची वाखाणणी करत.

काका उभे राहिले. “साहेब, माह्यं तं लहानपणापासून असंच आहे. शाळेत, शेतात, जेवताना, सगळीकडेच. सैतानाले माह्याशिवाय दुसरं काम नाई का?”

लोक हसले. उपदेशकांना राग आला. काका मात्र विनोद करत नव्हते. ते पुढे बोलले, आणि ते बोलणं मला आजही जसंच्या तसं आठवतं. “मेंढरू हरवलं तं मेंढपाळ त्याच्या मांगं गेला. त्याले विचारलं नाई, तू काऊन हरवलं म्हणून. खांद्यावर घेतलं अन् आणलं. मन जाते, हे माह्यं दुखणं आहे. गेलेलं मन परत नाई आणलं, तं ते माह्यं पाप आहे. मी तेवढंच धरून चालतो.”

आणि ते खरोखरच चालत. डोळे मिटून बसणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. “डोळे मिटले का माह्या डोक्यात बाजार भरते,” ते म्हणत. सायकलवर बसलं की ती कोणाच्या तरी हातगाडीवर जाऊन आदळे, म्हणून नालवाडीहून शाळेपर्यंत ते पायीच येत. त्या रस्त्यावर त्यांनी आपली माणसं वाटून ठेवली होती. हापशीजवळ एक, पिठाच्या चक्कीजवळ एक, मोठ्या कडुलिंबाखाली एक, पुलियावर एक. ज्याने आपलं दुःख सांगितलं त्याला एक जागा मिळे. त्या जागेवर आले की काका थांबत, डोळे उघडे ठेवून त्या माणसाचं नाव घेत, त्याच्यासाठी देवाकडे जे मागायचं ते मोठ्यानं मागत आणि पुढे जात. दुःख मिटलं की जागा रिकामी होई आणि दुसऱ्या कोणाला मिळे.

एकदा मी त्यांच्यासोबत होतो. चक्कीजवळ थांबले तेव्हा मी विचारलं, “इथे कोण?”

“साळवेबाईचा जावई. दारू सोडून राह्यला.”

“पण इथे किती आवाज आहे, काका.”

“म्हणूनच त्याले इथं ठेवलं. एवढ्या आवाजात दोन शब्द बोलाचे तं पुरा जोर लावा लागते. अन् त्याच्यासाठी जोरच लावा लागते.”

चक्कीवाला शेठ त्यांना पाहून हात वर करी आणि त्यांचं होईपर्यंत गिऱ्हाइकाशी बोलत नसे. तो हिंदू, त्याला आमच्या प्रार्थनेशी देणंघेणं नव्हतं. पण एकदा त्याची सून बाळंतपणात अडली, तेव्हा त्याने काकांना रस्त्यात गाठून सांगितलं, “मास्तर, माह्या घरचंही एक नाव घेजा.” काकांनी तिला त्याच्याच दुकानासमोरचा विजेचा खांब दिला.

हा माणूस स्वतःचा चष्मा डोळ्यांवर ठेवून शोधत असे, आणि तीन महिन्यांनी भेटलेल्या बाईला विचारत असे, “तुह्या भावाच्या डोळ्याचं काय झालं? पट्टी सुटली का?” त्या बाईला रडू येई. मी हे पुष्कळदा पाहिलं आहे.

आमच्या मंडळीतल्या एका तरुण डॉक्टरनं त्यांना सांगितलं, की काका, याला वैद्यकात नाव आहे, मोठ्या माणसांतही हे असतं, नागपूरला दाखवून या. दिलेली पहिली तारीख काका विसरले. दुसऱ्या वेळी काकू त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. परत आल्यावर म्हणाले, “नाव आहे, हे बरं झालं. इतके वर्षं सरोज निराळंच नाव ठेवून राह्यलती.” काही दिवस गोळ्या घेतल्या, थोडा फरकही पडला म्हणाले. पण चालणं सोडलं नाही. औषधाला ते नावं ठेवत नसत आणि प्रार्थनेला औषध म्हणत नसत.

काकूंच्या पोटात गाठ निघाली ती याच सुमाराला, दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात. शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी काका शाळा सुटल्यावर माझ्यासाठी थांबले. आम्ही मैदानाच्या कडेला बसलो. बराच वेळ ते दुसरंच काही बोलत राहिले, मग म्हणाले, “विजय, माही माय गेली ते तुले कधी सांगितलं नाई.”

त्यांची आई अल्लीपूरला घरीच वारली. ते तिच्या उशाशी बसले होते. तिने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे पाहून काहीतरी सांगितलं. “बाहेर कोणाचा तरी बैल सुटला होता, पोट्टे ओरडून राह्यलते. माह्यं ध्यान तिकडं. मी म्हटलं, हो माय. मंग ध्यानात आलं, ती काय बोलली ते मी ऐकलंच नाई. विचारलं, काय म्हटलं व? पण तिनं डोळे मिटले होते. ते काही मंग उघडले नाई.”

ते मातीत बोटानं रेघा ओढत होते.

“मी कायले हो म्हटलं ते मले आजवर माहीत नाई. तवापासून ठरवलं. मन पळाचं ते पळन, पण माणूस बोलून राह्यला तं हजार खेपा जाईन अन् हजार खेपा धरून आणीन. आता उद्याचं. उद्या मी त्या बाकावर बसीन, आतमंदी सरोज. माह्यं मन तिथं टिकत नाई, मले माहीत आहे. नळाकडं जाईन, नर्सच्या चपलाकडं जाईन. तुह्यं मन थाऱ्यावर असते. दहा वाजता तिले आत नेतीन. तू घरी बस. ते बाहेर येतवरी उठू नको. माह्याजागी तू जागा राहा.”

मी त्यांचा हात धरला. “काका, मी बसतो. तुम्ही निश्चिंत राहा.”

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पुढच्या खोलीत पलंगाशेजारी चटई घातली, दार लोटलं, गुडघे टेकले. त्याच महिन्यात मी मोबाइल घेतला होता. तो कपाटावर होता. दहा वाजून गेले असतील-नसतील, तो वाजला. सिंदी मेघेच्या प्लॉटचा दलाल होता. कोपऱ्याचा प्लॉट आहे, दुसरी पार्टी निघाली आहे, पाहायचा तर आत्ता या, म्हणाला. मी मनाशी म्हटलं, पाच मिनिटं. सुनंदा, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुम्ही तर बसणार होता ना?” मी म्हटलं, “येतोच.”

प्लॉट चांगला होता. चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. दलालानं टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही मोजलं, पूर्व कुठे येते ते पाहिलं. इथे स्वयंपाकघर, इथे बोअर, इथे सुनंदाचा मोगरा, असं मी मनात बांधत गेलो. मग चौकात चहा झाला. चहानंतर तो आणखी एक प्लॉट दाखवतो म्हणाला, तोही पाहिला. मी काकांना नाही म्हटलं नव्हतं, देवालाही नाही म्हटलं नव्हतं. मला आठवलंच नाही. ठरवून नाकारण्यापेक्षा हे बरं, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. ज्याला आपण नाकारतो तो निदान आपल्या डोळ्यांसमोर तरी असतो.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. दार उघडलं आणि चटई दिसली, जशी टाकली होती तशी. गुडघ्यांखालच्या दोन चुण्या तिच्यावर अजून होत्या. मी वाकलो, आणि गुडघे टेकायच्या आत फोन वाजला. काका दवाखान्यासमोरच्या बूथवरून बोलत होते.

“विजय, झालं रे. चांगलं झालं. आणलं तिले बाहेर.” मग हसल्यासारखा आवाज. “आता ऊठ. गुडघे दुखले असतीन.”

मी म्हणालो, “हो, काका.”

त्या एका ‘हो’ पाशी मला परत फिरता आलं असतं.

काकू चालायला लागल्यावर काकांनी उपासनेत साक्ष दिली. आमच्यात ही रीत आहे. देवानं जे केलं ते मंडळीसमोर सांगायचं. काका बोलताना चार ठिकाणी भरकटले. दवाखान्याच्या नळाबद्दल बोलले, तिथल्या मांजराबद्दल बोलले. मग माझ्याकडे वळले. “त्या दिवशी माह्यं मन लय पळालं. पण मी प्रत्येक बारीले म्हटलं, विजय बसला आहे. मी सुटलो तरी दावं त्याच्या हातात आहे. मंग परत येऊन बसत होतो.”

पाळकसाहेब म्हणाले, “विजयराव, तुम्हीही दोन शब्द बोला.”

मी उभा राहिलो. बसून राहता आलं असतं, घसा धरला आहे म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “त्या वेळी प्रार्थनेत मला एक विलक्षण शांती लाभली. मला कळलं की सर्व काही ठीक होणार आहे.” माझ्या शुद्ध मराठीत, सावकाश. बायका डोळे पुसू लागल्या. सुनंदा मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकाकडे पाहत राहिली.

घरी जाताना स्कूटरवर मागून तिने एवढंच विचारलं, “शांती कोणत्या प्लॉटवर लाभली? पहिल्या की दुसऱ्या?”

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. ते अधिक जड होतं.

त्यानंतर मी मंडळीत प्रार्थनेचा माणूस झालो. लोक दुखणीखुपणी घेऊन माझ्याकडे येऊ लागले. मी डोळे मिटले की चुन्याच्या रेघा दिसत. तरी तोंडातून शब्द बिनचूक निघत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की माझं मन काकांच्या मनापेक्षा जास्त पळणारं आहे. त्यांचं गेलेलं सगळ्यांना दिसे. माझं जाई तेव्हा तोंड मागे राहून बोलत असे.

काकांना टाळता येईल तितकं मी टाळलं. ते मात्र अधिकच जवळ आले. त्या प्लॉटवर मी घर बांधलं तेव्हा प्रार्थनेला ते दोघे आले. काकूंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली होती. सगळीकडे फिरून काकू म्हणाल्या, “चांगलं बांधलं. आमच्या यायनं बांधलं असतं तं दार लावाचंच राहून गेलं असतं.” काकांनी चौकटीला हात लावून प्रार्थना केली. त्यातलं एकच वाक्य मला आठवतं. “देवा, या घरात जागी राह्यणारी माणसं ठेव.” मी आमेन म्हटलं.

काकू आणखी काही वर्षं चांगल्या होत्या. मग एका सकाळी अंगण झाडता झाडता पडल्या आणि गेल्या. त्या गाठीचा काही संबंध नव्हता. काका तेव्हा निवृत्त झालेले. दफनाच्या वेळी मी मागच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या मनात एकच होतं: आता हे सांगायला उशीर झाला, ज्या बाईसाठी मी बसलो नाही तीच गेली. आणि खरं सांगतो, त्यात थोडी सुटकाही वाटली. ती सुटका वाटली म्हणूनच मला स्वतःची भीती वाटू लागली.

काही महिन्यांनी काकांचाच निरोप आला. सकाळी माझ्यासोबत चालायला ये. मी गेलो. चंदीची नात आता त्यांच्यासोबत असे. घरी या शेळीकडे पाहायला कोणी नव्हतं. दावं त्यांनी माझ्याकडे दिलं. ते पुष्कळ वाकले होते, बटण अजूनही चुकीच्या काजात.

“सरोज गेल्यापासून मन लय पळते,” ते म्हणाले. “आणाले जातो तं वाटंत मीच बसून राह्यतो. म्हटलं, एक माणूस संगं पाह्यजे.”

हापशीजवळ थांबलो, चक्कीजवळ थांबलो. साळवेबाईच्या जावयाची जागा केव्हाच दुसऱ्याला मिळाली होती. पुढे रस्त्याच्या कडेला कापसाची सरकी काढायची एक जुनी जिनिंग आहे. कधीची बंद, फाटकाला गंज चढलेला, आत बाभळी माजलेल्या. काका फाटकासमोर थांबले, पण इथे कोणाचं नाव घेतलं नाही.

मग म्हणाले, “हे सरोजची जागा. गाठ निघाली तवापासून. बरी झाली तरी मी खाली नाई केली, तिच्याच नावानं ठेवली. आता ती पोचली. तिच्यासाठी मागाचं काही राह्यलं नाई. पाय तरी थांबतेच इथं. थांबतो, अन् म्हणाले काही नसते.” ते माझ्याकडे वळले. “तुले मी कधी जागा दिली नाई. तुह्यं बरं चाललं होतं, म्हटलं याले काय गरज. पण आता हे तुले देतो. तिच्यासाठी तू जागा राह्यला होता. तुह्याशिवाय कोणाले देऊ?”

शेळी फाटकाच्या जाळीतून बाभळीचा पाला ओढत होती. मला कळलं, की ती जागा मी घेतली तर मला कायमची कुठेही जागा उरणार नाही.

मी सांगितलं. भराभर सांगितलं. नवा मोबाइल होता, तो वाजला. दलाल घाई करत होता. दुसरी पार्टी निघाली होती. पाच मिनिटांत परत यायचं असंच माझ्या मनात होतं. नंतर तुमचा फोन आला, मग पाळकसाहेबांनी एकाएकी उभं केलं, सगळ्यांसमोर काय बोलणार होतो. असं सगळं.

काकांनी ऐकलं. मधे एकदाही त्यांची नजर हलली नाही. मग ते पाठ फिरवून चालू लागले. मला ‘चल’ म्हणाले नाहीत, शेळीकडे पाहिलं नाही. पुलियापर्यंत गेले आणि तिथे कठड्याला धरून उभे राहिले. त्यांना मी इतकी वर्षं ओळखत होतो, त्यांना राग आलेला मी पाहिला नव्हता. दुरूनही तो त्यांच्या खांद्यांत दिसत होता. मी दावं हातात धरून तिथेच थांबलो. निघून जावं असं फार वाटलं. गेलो नाही.

बऱ्याच वेळाने ते परत आले. चालताना थोडे धापत होते.

“मन पुढं निघून गेलतं,” ते म्हणाले. “लय वंगाळ बोलून राह्यलं होतं तुह्याबद्दल. मी त्या बाकावर तुह्या भरवशावर बसलो होतो ना रे.” ते थांबले. “आणलं परत. पुरं नाई आलं. जेवढं आलं तेवढं घेऊन ऐकतो. तू फोनचं सांगितलं, दलालाचं सांगितलं, पाळकाचं सांगितलं. तुह्यं काई सांगितलं नाई. आता तुह्यं सांग.”

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत, आणि मला त्यांची आठवण येते ती याच रूपात. एक हात जिनिंगच्या गंजक्या फाटकावर, डोळे उघडे, माझ्यावर. मागून कापसाचा ट्रक हॉर्न वाजवत गेला, शेळीनं दावं ओढलं, चक्की सुरू झाली. ते कशाकडेही वळले नाहीत. मला माझी शुद्ध मराठी सापडेना. लहानपणी आईजवळ जसं बोलत असे तसंच तोंडून निघालं.

“काका, त्या दिवशी मी बसलो नाई. तुमी माह्या भरवशावर होते अन् मी तुमाले विसरलो. काकूलेही विसरलो. मंग सगळ्यासमोर खोटं बोललो, अन् तुमी मान दिला तो घेत राह्यलो. मले माफ करा.”